सुरू होऊन लगेच बंद पडणारे इंजिन

गव्हाची पेरणी होऊन १८ ते २१ दिवस लोटले, म्हणजे रोपाच्या बुंध्याशी मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळी मिळालेले पाणी फुटव्यांच्या वाढीस आणि पर्यायाने ओंब्यांच्या संख्येस कारणीभूत होते. या वेळी चुकलेल्या पाळीची भरपाई पुढे कितीही पाणी दिले, तरी पूर्णपणे होत नाही. म्हणून बागाईतदार या पाळीकडे विशेष लक्ष देतो. वाफे बांधून तयार असतात, पाट साफ केलेले असतात, दारे धरण्यास माणूस उभा असतो. अशा वेळी विहिरीवरील ऑईल इंजिन हँडल मारताच सुरू व्हावे, अर्धा-एक मिनिट चालावे आणि पुन्हा गप्प व्हावे, यासारखी दुसरी अडचण नाही.

अशी एक विहीर डोळ्यांसमोर आणावी. पावसाळाभर इंजिनाचे काम पडलेले नाही. ते छपराखाली चार महिने स्वस्थ उभे होते. मार्गशीर्षातील थंडीत शेतकऱ्याने टाकी डिझेलने काठोकाठ भरली, हँडल मारले व इंजिन पहिल्या झटक्यास सुरू झाले. त्याला समाधान वाटते न वाटते तोच इंजिन मंदावले आणि थांबले. त्याने टाकीचे टोपण काढून आत डोकावून पाहिले. डिझेल भरपूर होते. टोपण लावून पुन्हा हँडल मारले. पुन्हा तेच. दुपारपर्यंत हँडल मारून मारून हात भरून आले. मग नोझल काढून तालुक्याला नेले. तेथे ते तपासून निर्दोष ठरले. दुसऱ्या दिवशी कोणी सांगितले, की पिस्टनची रिंग गेली असेल, इंजिन उघडावे लागेल. दोन दिवस गेले, गाडीभाडे गेले आणि वाफे कोरडेच राहिले.

या शेतकऱ्याचे काय चुकले? त्याने कष्टात कसूर केली नाही, पैशाकडेही पाहिले नाही. परंतु इंजिन काय सांगत आहे, ते ऐकण्यापूर्वीच त्याने पाना हाती घेतला. सुरू होऊन बंद पडणारे इंजिन हे मुळीच सुरू न होणाऱ्या इंजिनापेक्षा अधिक बोलके असते. त्याचे बोलणे कसे समजून घ्यावे, हे येथे क्रमाने दिले आहे.

सुरू होणे हीच साक्ष

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९० नंतरच्या दशकात हे इंजिन सिद्ध केले आणि १८९७ मध्ये ते यशस्वीपणे चालवून दाखविले. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात या जातीचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, ही गोष्ट शेतकऱ्यांना विशेष वाटेल. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि त्यानंतरच्या काळात विहिरीवरील मोटेची जागा गावोगाव इंजिनाने घेतली. आज वीजपंप व सौरपंप पुष्कळ झाले असले, तरी जेथे वीज पोहोचत नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तेथे इंजिनाचा आधार अजूनही घ्यावा लागतो.

या इंजिनाची क्रिया सोपी आहे. पिस्टन खाली येताना नळकांड्यात हवा ओढली जाते. पिस्टन वर जाताना ती हवा मूळच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शात दाबली जाते व त्यामुळे ५०० अंश सेल्सिअसहूनही अधिक तापते. याच क्षणी नोझलमधून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा आत येतो व तापलेल्या हवेत आपोआप पेट घेतो. त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. पुढच्या फेरीत जळका धूर सायलेन्सरवाटे बाहेर पडतो.

आता विचार करावा. जे इंजिन हाताने हँडल मारताच सुरू होते, त्याच्यात हवा पुरेशी दाबली जात आहे, हे उघड आहे. म्हणजे रिंग व व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहेत. नोझलमधून फवारा येत आहे आणि तो योग्य वेळी येत आहे. मग दोष कोठे असावा? सुरू होण्यास जे लागते त्यात नव्हे, तर चालू राहण्यास जे लागते त्यात तो शोधला पाहिजे. चालू राहण्यास इंजिनाला चार गोष्टी लागतात. डिझेलचा अखंड पुरवठा, भरपूर हवा, धुराला मोकळी वाट आणि फिरण्याची मोकळीक. यांपैकी एक तुटली, की इंजिन थांबते. यास्तव इंजिन उघडण्याचा विचार अगदी शेवटी करावा.

तीन प्रश्न

पाना हाती घेण्यापूर्वी इंजिन एकदा सुरू करून ते थांबेपर्यंत शांतपणे उभे राहावे व तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ते किती वेळ चालले? ते कसे थांबले? थांबताना धूर कसा होता?

इंजिन कोणताही आवाज न बदलता हळूहळू मंदावून थांबले व धूर विशेष नसला, तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे. कधी जोरात, कधी मंद असे हेलकावे खाऊन थांबले, तर डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे अथवा पाणी शिरले असण्याचा संभव अधिक. काळा धूर सोडीत, दमल्यासारखे होऊन थांबले, तर हवा कमी पडते, धुराची वाट तुंबली आहे, किंवा इंजिनावर भार जास्त आहे. एकदम वेगाने पळून लगेच बंद झाले, तर गव्हर्नर किंवा फ्युएल पंपाचा दांडा अडकत असावा. आणि कण्हल्यासारखा जड आवाज करून, तापून थांबले व नंतर फ्लायव्हील हाताने फिरेनासे झाले, तर पाणी किंवा वंगण यांची उणीव आहे. हा शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा होय.

पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ दिसतो. त्याची चिंता नको. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर डिझेल पूर्णपणे जळत नाही किंवा त्यात पाणी आहे, असे ओळखावे.

डिझेलचा मार्ग

अनुभव असा, की असे इंजिन पुष्कळदा डिझेलच्या पुरवठ्यामुळेच थांबते. नळीत व फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर ते सुरू होते आणि मागून पुरवठा न आल्यामुळे थांबते. म्हणून टाकीपासून नोझलपर्यंत, पाटाचे पाणी जसे उगमाकडून वाफ्याकडे पाहत जावे, तसे डिझेल पाहत जावे.

प्रथम टाकी. डिझेल आहे एवढे पाहून भागत नाही. तळाशी गाळ साचून बाहेर जाण्याचे तोंड बुजले आहे काय, ते पाहावे. नंतर कॉक पूर्ण उघडा आहे किंवा नाही ते पाहावे. पावसाळ्यात बंद केलेला कॉक अर्धाच उघडल्याने पुष्कळ खोळंबा होतो.

यानंतर टाकीचे टोपण. या टोपणात एक बारीक छिद्र ठेवलेले असते. टाकीतून जितके डिझेल खाली उतरते, तितकी हवा या छिद्रातून आत आली पाहिजे. छिद्र बुजले, तर डिझेलच्या वरच्या बाजूस पोकळी निर्माण होते आणि ती डिझेलला खाली उतरू देत नाही. तोंडावर बोट दाबून धरलेल्या नळीतील पाणी जसे गळत नाही, तसाच हा प्रकार होय. टाकी जितकी अधिक भरलेली, तितकी तिच्यात हवा कमी आणि तितके इंजिन लवकर थांबते. टाकी काठोकाठ भरलेली असताना हा दोष अधिक तीव्र होतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. याची परीक्षा सोपी आहे. टोपण सैल करून इंजिन चालवून पाहावे. चालू राहिले, तर दोष सापडला. छिद्र बारीक तारेने मोकळे करावे, मात्र ते मोठे करू नये व टोपणाशिवाय इंजिन चालविण्याची सवय लावू नये, कारण धूळ आत जाते.

टोपण ठीक असेल, तर फिल्टरकडे वळावे. फिल्टरमधून पुढे जाणारी नळी सैल करून खाली स्वच्छ भांडे धरावे व कॉक उघडावा. डिझेलची धार सारखी पडली पाहिजे. आरंभी चांगली पडून मग बारीक होत गेली, तर दोष टोपणात किंवा टाकीच्या तोंडाशी आहे. प्रथमपासूनच थेंब थेंब पडत असेल, तर फिल्टर तुंबला आहे. कापडाचा अथवा नमद्याचा फिल्टर स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर मात्र धुऊ नये. तो बदलावाच लागतो.

डिझेलमधील पाणी

पिंपात साठविलेल्या डिझेलमध्ये पावसाळ्यात पाणी उतरते. पिंपाच्या तोंडाशी साचलेले पाणी झिरपते आणि रात्रीच्या गारव्याने आतील हवेतील ओलही पत्र्यावर जमते. डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे पाणी तळाशी बसते. टाकीचे तोंडही तळाशीच असल्याने प्रथम पाणीच फ्युएल पंपाकडे जाते. पाण्यावर व डिझेलवर एक प्रकारचा बुळबुळीत थर सूक्ष्म जंतूंमुळे वाढतो व तोही फिल्टर तुंबवितो.

टाकीच्या तळातील थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून काही तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर ते पाणी आहे. अशा वेळी टाकी व फिल्टरचे भांडे रिकामे करून स्वच्छ करावे. पाणी गेलेला फ्युएल पंप व नोझल गंजून बिघडतात आणि त्यांची दुरुस्ती महागात पडते, हे लक्षात ठेवावे. पिंप सावलीत आडवे किंवा किंचित कलते ठेवावे आणि डिझेल भरताना बारीक जाळीची गाळणी वापरावी.

बुडबुड्याचा अडथळा

टाकी पूर्ण रिकामी झाली, किंवा फिल्टर उघडून पुन्हा बसविला, तर नळीत हवा शिरते. एवढ्याशा हवेने इंजिन कसे अडते, याचे पुष्कळांना नवल वाटते. त्यासाठी थोडा हिशेब करून पाहावा. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे सव्वा लिटर डिझेल जाळते. ते मिनिटास १,५०० फेरे घेत असेल, तर मिनिटास ७५० वेळा डिझेलचा फवारा आत जातो. म्हणजे एका वेळचे डिझेल पाण्याच्या अर्ध्या थेंबाएवढेच भरते. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा आला, तरी तो एका वेळच्या सबंध डिझेलची जागा घेतो. शिवाय डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपाचा दट्ट्या त्या बुडबुड्याला नुसताच दाबतो व सोडतो, आणि नोझल उघडण्यास लागणारा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅमचा दाब निर्माणच होत नाही.

ही हवा पुढील क्रमाने काढावी.

१. टाकी निदान अर्धी भरावी व कॉक पूर्ण उघडावा.

२. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागताच स्क्रू घट्ट करावा.

३. फ्युएल पंपावरील स्क्रू त्याच रीतीने सैल करून हवा काढावी व घट्ट करावा.

४. नोझलशी जोडलेल्या नळीचा नट थोडा सैल करावा. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. नटाशी डिझेल उसळू लागले, की नट घट्ट करावा.

५. पुन्हा हँडल फिरविताना नोझलमधून स्पष्ट 'कर्र' असा आवाज ऐकू आला, म्हणजे हवा निघाली असे समजावे व मगच इंजिन सुरू करावे.

हवा काढूनही ती वारंवार शिरत असेल, तर कोठेतरी वॉशर खराब आहे किंवा नळीला चीर आहे. टाकी वर असून डिझेल आपल्या वजनाने उतरत असेल, तर अशा ठिकाणी डिझेल बाहेर गळते व जागा सापडते. परंतु ज्या इंजिनात फीड पंप डिझेल ओढून घेतो, तेथे त्या पंपापूर्वीच्या सांध्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही, एवढ्यावरून सांधे पक्के आहेत असे मानू नये.

गव्हर्नर व बंद करण्याचा दांडा

इंजिनाचा वेग वाढला, की गव्हर्नरमधील वजने फाकतात व फ्युएल पंपाचा दांडा मागे ओढून डिझेल कमी करतात. वेग घटला, की दांडा पुन्हा पुढे येतो. पुष्कळ दिवस पडून राहिल्याने हा दांडा चिकटला, तर तो मागे जातो, पण परत येत नाही. मग इंजिन सुरू होऊन एकदम पळते आणि डिझेल तुटल्यामुळे बंद पडते. इंजिन थांबलेले असताना हा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो अडखळता कामा नये. स्वच्छ डिझेलने धुऊन तो मोकळा होत नसेल, तर ठोकाठोक न करता जाणत्या मिस्त्रीस दाखवावा. चिकटलेला दांडा उलट बाजूस अडकला, तर इंजिन आवरेनासे होते आणि मोठा अपघात संभवतो. इंजिन बंद करण्याचा लिव्हर पूर्णपणे मूळ जागी आला आहे काय, हेही पाहण्यास विसरू नये.

हवा, धूर आणि भार

काळा धूर येत असेल, तर प्रथम एअर क्लीनर उघडावा. उसाची पाचट, मळणीचा भुसा व रस्त्याची धूळ यांनी तो भरून जातो. तेलाचा एअर क्लीनर असल्यास जुने तेल टाकून खुणेपर्यंत नवे भरावे. अधिक भरले, तरी हवेला अडथळा होतो. सायलेन्सरच्या तोंडात पाखरांनी घरटे केले आहे काय, तेही पाहावे. बंद पडून राहिलेल्या इंजिनात ही गोष्ट पुष्कळदा आढळते.

मग पट्टा काढून इंजिन मोकळे चालवावे. मोकळे चालत असेल व पट्टा चढविताच थांबत असेल, तर दोष इंजिनाचा नसून पंपाचा आहे. पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहावा. चार महिने पडून राहिल्याने पंखा गंजून अडकलेला असतो, ग्लँडचे नट फार आवळलेले असतात, किंवा बेअरिंग धरलेले असते. फार ताणलेला पट्टाही इंजिनास दमवितो. थंड इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकू नये. दोन-चार मिनिटे मोकळे चालवून मग पाणी काढण्यास लावावे. पंपाने पाणी सोडले, तर मात्र इंजिन त्यामुळे बंद पडत नाही. भार गेल्याने ते उलट हलके चालते. फूटव्हॉल्व्हचा दोष व इंजिनाचा दोष यांची गल्लत येथे होऊ देऊ नये.

पाणी व वंगण

पुष्कळ विहिरींवर इंजिन थंड ठेवण्याचे पाणी पंपातूनच येते. पंपाने पाणी ओढले नाही, तर इंजिनालाही पाणी मिळत नाही. इंजिन तापून थांबले असेल, तर ते पूर्ण निवेपर्यंत हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. तेलाची पातळी पाहावी आणि फ्लायव्हील हाताने मोकळे फिरत नसेल, तर पुन्हा हँडल मारण्याचा आग्रह धरू नये. एवढ्या एका प्रकारात मिस्त्रीस तत्काळ बोलावणे हेच काटकसरीचे ठरते.

रॉकेलवर चालणारे पंप

काही लहान पंप पेट्रोलवर सुरू करून नंतर रॉकेलवर चालवावयाचे असतात. असा पंप सुरू होऊन बंद पडला, तर पुष्कळदा घाईच कारणीभूत असते. इंजिन पुरेसे तापण्यापूर्वी रॉकेलचा कॉक उघडला, तर रॉकेलची वाफ नीट होत नाही व इंजिन पांढरा धूर सोडून थांबते. इंजिन पेट्रोलवर तापू द्यावे व मगच रॉकेलवर न्यावे. काम संपताना शेवटची काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी सुरू करणे सोपे जाते.

ट्रॅक्टर, जीप व मोटार

ट्रॅक्टरचे इंजिनही याच नियमाने चालते. परंतु अनेक ट्रॅक्टरांत डिझेल बंद करण्यासाठी विजेवर चालणारी झडप असते. किल्ली फिरवून धरेपर्यंत इंजिन चालते आणि किल्ली सोडताच बंद पडते, असे घडल्यास या झडपेला मिळणारी वीज तुटत असावी. तिची तार, जोड व फ्यूज प्रथम पाहावे. अलीकडील मोठ्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धती असते. तिच्या नळ्यांत १,००० किलोग्रॅमहूनही पुष्कळ अधिक दाब असतो. त्यांचे नट वर सांगितल्याप्रमाणे कधीही सैल करू नयेत.

पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये कार्ब्युरेटरच्या भांड्यात असलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते व भांडे रिकामे झाले, की थांबते. तेथे पेट्रोल पंप व फिल्टर पाहावेत. पेट्रोल येत असून इंजिन केवळ मंद वेगात थांबत असेल, तर मंद वेगाचे जेट कचऱ्याने बुजलेले असते. जुन्या काही गाड्यांत किल्ली सोडताच इंजिन बंद पडते, याचे कारण इग्निशनच्या मार्गातील रोधक जळालेला असतो. सुरू करताना वीज त्याला वळसा घालून जाते, म्हणून गाडी सुरू होते व किल्ली सोडली, की ठिणगी बंद पडते. हल्लीच्या मोटारींत चोरीपासून संरक्षण करणारी यंत्रणा किल्ली ओळखत नसेल, तर इंजिन एक-दोन सेकंदांत बंद होऊ शकते. तेव्हा किल्लीच्या खुणेचा दिवा लुकलुकतो काय, ते पाहावे व दुसरी किल्ली लावून पाहावी. तसा दिवा नसेल, तर हवेच्या झडपेवरील काजळी, हवेच्या नळीची चीर आणि पेट्रोल पंपाचा दाब या क्रमाने तपासणी करून घ्यावी. यंत्र निराळे असले, तरी प्रश्न तेच राहतात. ते किती वेळ चालले, कसे थांबले व धूर कसा होता?

जीव प्रथम, पीक नंतर

घाईत माणूस यंत्राचे भय विसरतो. विहिरीच्या आतील कट्ट्यावर किंवा बंद खोलीत इंजिन चालवून परीक्षा करणे हे जिवावरचे काम आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो व वासही नसतो. आत उतरलेला माणूस काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही पडतो. इंजिन विहिरीबाहेर मोकळ्या हवेतच असावे. आत बसविलेले असल्यास ते बंद करून आतील हवा पूर्ण मोकळी होईपर्यंत कोणीही उतरू नये.

नोझलमधून सुटणाऱ्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. तो कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी ताबडतोब डॉक्टरकडे जावे, अन्यथा बोट किंवा हात गमावण्याचा प्रसंग येतो. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा, म्हणजे उलट झटका बसल्यास मनगट मोडत नाही. धोतराचा सोगा, पदर, मफलर ही पट्ट्यापासून दूर ठेवावीत.

हंगामापूर्वीची तयारी

पाण्याच्या पहिल्या पाळीआधी आठ दिवस इंजिन एकदा तासभर चालवून पाहिले, तर यांतील बहुतेक दोष कामाच्या खोळंब्याविना ध्यानात येतात. टाकीचा तळ धुवावा, टोपणाचे छिद्र मोकळे करावे, फिल्टर पाहावा, तेल बदलावे, एअर क्लीनर साफ करावा, पंप हाताने फिरवून पाहावा. इंजिन दीर्घकाळ बंद ठेवावयाचे असेल, तर सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा व टोपणावर फडके बांधावे. पुन्हा सुरू करताना दोन्ही काढण्यास मात्र विसरू नये. वॉशर, कागदी फिल्टर व दोन पाने एका डब्यात विहिरीवरच ठेवावेत.

आरंभी वर्णन केलेल्या विहिरीवर तिसऱ्या दिवशी सकाळी एक वयोवृद्ध मिस्त्री आला. शेतकऱ्याने काढून ठेवलेली हत्यारे त्याच्यापुढे मांडली व विचारले, "मिस्त्रीबाबा, इंजिन उघडावयाचे ना?" मिस्त्रीने हत्यारांना हात लावला नाही. "आधी सुरू करा अण्णा, आणि थांबेपर्यंत कोणी बोलू नका," एवढेच तो म्हणाला. इंजिन पाऊण मिनिट चालले, हळूहळू मंदावले, थांबले. धूर नव्हता.

"प्रत्येक वेळी असेच होते काय?" त्याने विचारले. शेतकऱ्याची पत्नी दोन दिवस पाटावर उभी राहून हेच पाहत होती. ती म्हणाली, "हे टोपण काढून आत पाहतात, की ते पुन्हा सुरू होते. न पाहता हँडल मारले, की सुरूसुद्धा होत नाही. कालपासून मी हेच पाहते आहे."

मिस्त्री हसला. "बाई, तुम्ही निम्मे काम केले," असे म्हणून त्याने टोपण काढून उलटे केले आणि उजेडाकडे धरले. छिद्रातून उजेड येत नव्हता. पावसाळ्यात कुंभारमाशीने त्यात मातीचे घर बांधले होते. बारीक तारेने ती माती निघाली, टोपण परत बसले आणि इंजिन सुरू झाले. एक मिनिट गेले, पाच गेली, पंधरा गेली. पंपाने पाणी ओढले व ते पाटाला लागले. खोऱ्याने पहिल्या वाफ्याचे दार फोडण्यात आले.

गव्हाला त्या दिवशी तेविसावा दिवस होता. दोन दिवसांचा उशीर झाला होता, परंतु पाळी हातची गेली नव्हती. सायंकाळी शेवटचा वाफा भरल्यावर शेतकऱ्याने नोझलच्या तपासणीची पावती छपराच्या कुडाला खोचून ठेवली. तिच्या मागील बाजूस त्याने कोळशाने तीन प्रश्न लिहिले: किती वेळ चालले? कसे थांबले? धूर कसा होता? आणि त्यांच्याखाली चौथी ओळ लिहिली: टोपण पाहिले काय?